सूत दलालांच्या नावाने आलेली पासवर्डबंद झिप फाइल आणि घरच्या संगणकाची सुरक्षितता

पूर्वभागकर (प्रश्न)

नमस्कार.

आमचे टेरी टॉवेलचे छोटे उत्पादन आहे. यंत्रमाग सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत असले, तरी हिशेब, बिले आणि पत्रव्यवहार घरच्याच एका संगणकावरून चालतो. टॅलीतली खतावणी त्याच्यावर होते, पुतणी महाविद्यालयाचे प्रकल्प त्याच्यावर लिहिते आणि विम्याचे हप्ते व वीजबिलेही तिथूनच भरली जातात. संगणक विंडोज १० चा आहे. विक्रेत्याने बसवून दिलेल्या अँटिव्हायरसची मुदत संपली असून, नूतनीकरण करा असे सांगणारी लाल चौकट दिवसातून अनेकदा पडद्यावर येते आणि घरातले सगळे ती सवयीने बंद करतात.

ज्या दलालांकडून आम्ही वर्षानुवर्षे सूत घेतो, त्यांच्या पत्त्यावरून परवा आमच्या फर्मच्या मेलवर एक ई-मेल आला. (हा मेल जीमेलचा नाही, वेबसाइट करून देणाऱ्याने सोबत दिलेला आहे.) विषय 'थकीत बिल' अशा अर्थाचा, मजकूर इंग्रजीत दोन ओळींचा, सोबत एक झिप फाइल आणि तिचा पासवर्ड त्याच मेलच्या शेवटी लिहिलेला. हे गृहस्थ एरवी बिलाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि पाठोपाठ फोन करतात. इंग्रजीत दोन ओळी लिहिण्याची त्यांची रीत नाही. म्हणून मनात पाल चुकचुकली. पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर तपासला, तो त्यांचाच आहे. फाइल उतरवून घेतली गेली आहे, परंतु उघडलेली नाही.

आता ही फाइल नुसती संगणकात पडून राहिल्याने काही अपाय होतो का, पत्ता ओळखीचा असताना मेल खोटा कसा असू शकतो, आणि घरातील सर्वांनी वापरायच्या अशा संगणकाची नीट व्यवस्था लावायची झाल्यास सुरुवात कुठून करावी, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती. अँटिव्हायरसचे नूतनीकरण करून प्रश्न सुटत असेल तर तसेही स्पष्ट सांगावे.

नवीपेठ_दुरुस्ती

पूर्वभागकर साहेब, नमस्कार. संगणक दुरुस्तीचे काम करत असल्याने अशा फाइली जवळजवळ दर आठवड्याला पाहण्यात येतात, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

फाइल संगणकात नुसती पडून असेल आणि कोणी चालवली नसेल, तर सहसा काही होत नाही. तिच्यातला प्रोग्राम सुरू व्हायला कोणीतरी दोनदा क्लिक करावे लागते, आणि तेच क्लिक तुमच्याकडून मिळवण्यासाठी 'थकीत बिल' हा विषय निवडलेला असतो. तरीही ती तशीच ठेवू नका. उद्या घरातले दुसरे कोणी कुतूहलाने उघडेल.

आधी दलालांना फोन लावा. मेललाच उत्तर पाठवून 'हे तुम्हीच पाठवले का?' असे मात्र विचारू नका. त्यांचे खाते जर दुसऱ्याच्या ताब्यात गेले असेल, तर 'होय, मीच पाठवले आहे, कृपया पाहून घ्या' असे उत्तर तो दुसराच पाठवील.

पत्ता ओळखीचा असण्याला दोन कारणे संभवतात. पहिले असे की, पाकिटाच्या मागे प्रेषक म्हणून कोणाचेही नाव लिहिता यावे तसा ई-मेलमधला प्रेषकाचा पत्ताही खोटा लिहिता येतो. ही लबाडी पकडण्यासाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तपासण्या असतात. जीमेलमध्ये मेलच्या तीन ठिपक्यांच्या यादीतील 'शो ओरिजिनल' निवडल्यास त्या उत्तीर्ण झाल्या की नाही हे दिसते, आणि इतर मेलसेवांतही मेलचा मूळ शीर्षमजकूर (हेडर) पाहण्याची सोय बहुधा असते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे: दलालांच्या खात्याचा पासवर्डच चोरीला गेलेला असेल, तर मेल खरोखर त्यांच्याच खात्यातून निघतो, या तिन्ही तपासण्यांत उत्तीर्ण होतो आणि त्यांच्या संपर्कयादीतील प्रत्येकाकडे पोहोचतो. व्यापारातल्या लोकांना गाठायला हाच मार्ग जास्त वापरला जातो.

पासवर्डविषयी थोडे थांबून लिहितो, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. पासवर्ड आहे म्हणजे फाइल सुरक्षित असणार, असे लोकांना वाटते. वस्तुतः झिपला पासवर्ड लावला की मेलसेवेच्या तपासणी यंत्रणेला आतील मजकूर वाचता येत नाही, म्हणून ती फाइल न तपासताच पुढे सरकते; आणि ज्याला फसवायचे त्याच्यासाठी मात्र किल्ली मेलमध्येच ठेवलेली असते. ज्या मेलमध्ये कुलूप आणि किल्ली एकत्र येतात, त्या मेलमधील कुलपाचा तुमच्या संरक्षणाशी काहीही संबंध नसतो.

साध्या झिपमध्ये पासवर्ड असला तरी आतील फाइलींची नावे झाकली जात नाहीत. म्हणून झिप उघडून पासवर्ड न देता केवळ यादी पाहता येते, परंतु त्यापूर्वी एक गोष्ट करा. विंडोज सहसा फाइलच्या नावाचे शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवून ठेवते. विंडोज १० मध्ये फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' पट्टीत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' या चौकटीत खूण करा. विंडोज ११ मध्ये 'व्ह्यू', मग 'शो', मग तीच ओळ. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून निघून जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' हा विषाणू याच लपलेल्या शेपटावर पोसला गेला: फाइलचे नाव प्रेमपत्र असे, त्यापुढे टीएक्सटी, आणि त्याच्याही पुढे व्हीबीएस. लोकांना टीएक्सटीपर्यंतच दिसले, त्यांना ते साधे पत्र वाटले आणि प्रत्यक्षात चालली ती स्क्रिप्ट. विंडोजची ही सवय आजही मूळ मांडणीत कायम आहे, हे मला अनाकलनीय वाटते.

यादी पाहिल्यावर त्या नावावर दोनदा क्लिक करू नका आणि पासवर्ड कुठेही टाकू नका. काय दिसते ते इथे कळवा.

पूर्वभागकर

तत्पर उत्तराबद्दल आभारी आहे.

दलालांना फोन केला. त्यांनी असा कोणताही मेल पाठवलेला नाही, आणि सकाळपासून चाटी गल्लीतील दोन व्यापाऱ्यांचेही त्यांना याच चौकशीचे फोन येऊन गेले होते. त्यांचे खाते जीमेलचे आहे.

सांगितल्याप्रमाणे शेपटे दिसतील अशी व्यवस्था केली आणि झिपमधील यादी पाहिली. आत एकच फाइल आहे. नावात बिलाचा क्रमांक आहे, त्यापुढे पीडीएफ असे लिहिले आहे, मग बरीच मोकळी जागा सोडून अगदी शेवटी एससीआर अशी अक्षरे आहेत. रकाना रुंद केल्याशिवाय ती अक्षरे दिसतच नव्हती. शेजारच्या 'टाइप' या रकान्यात 'स्क्रीन सेव्हर' असे लिहिलेले आहे. सुताच्या बिलाचा आणि स्क्रीन सेव्हरचा संबंध काय, हे कळले नाही.

नवीपेठ_दुरुस्ती

मग शंकेला जागाच उरली नाही. एससीआर हे स्क्रीन सेव्हरचे शेपूट असले तरी विंडोजच्या दृष्टीने ती ईएक्सईसारखीच चालणारी फाइल असते, आणि ही गोष्ट सर्वसामान्यांना ठाऊक नसते म्हणूनच ते शेपूट निवडलेले आहे. ईएक्सई, एससीआर, बॅट, सीएमडी, जेएस, व्हीबीएस, एचटीए, एमएसआय आणि एलएनके यांपैकी कोणतेही शेपूट ई-मेलने आलेल्या फाइलला असेल, तर घरगुती वापरात ती उघडण्याचे एकही सबळ कारण मला आठवत नाही. आयएसओ आणि आयएमजी या डिस्कच्या प्रतिकृती असतात, त्यांच्या पोटातही हेच प्रकार दडवून पाठवले जातात.

शिफ्ट दाबून डिलीट करा, मेलही कायमचा काढून टाका. 'पर्चेस ऑर्डर', 'पेमेंट ॲडव्हाइस' किंवा 'थकीत बिल' अशा नावांनी व्यापाऱ्यांकडे जे मेल येतात, त्यांतून बहुधा माहिती चोरणारे प्रोग्राम पसरवले जातात. २०१४ पासून ज्ञात असलेला 'एजंट टेस्ला' हा त्यांपैकीच. असा प्रोग्राम पडद्यावर काही दाखवत नाही, संगणक मंदही करत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कीबोर्डवर दाबलेली अक्षरे गोळा करून बाहेर पाठवत राहतो. संगणक 'हँग' होत नाही म्हणजे व्हायरस नाही, ही समजूत त्यामुळे कामाची राहिलेली नाही.

एक व्यावहारिक सूचना. फर्मचा मेल चांगल्या गाळणीच्या सेवेकडे नेण्याचा विचार करा. जीमेल ईएक्सई, एससीआर यांसारख्या फाइली झिपमध्ये घालून पाठवल्या तरी अडवते, आणि फेब्रुवारी २०१७ पासून जेएस फाइलींनाही तिथे मज्जाव आहे. स्वस्तातल्या वेबसाइटसोबत मिळणाऱ्या मेलमध्ये ही गाळणी बहुतेक वेळा नावापुरती असते.

करसल्लागार_जुळे_सोलापूर

वरील चर्चा अगदी योग्य दिशेने चालली आहे. मात्र पासवर्ड लावलेली प्रत्येक फाइल संशयास्पद मानली जाऊ नये, म्हणून थोडी भर घालते. आमच्या व्यवसायात पासवर्ड असलेल्या पीडीएफ रोज हाताळाव्या लागतात. बँकेचे खातेउतारे किंवा प्राप्तिकर विवरणपत्राची पोच यांना पासवर्ड असतो, परंतु तो तुमच्याच माहितीतून बनलेला असतो; उदाहरणार्थ, विवरणपत्राच्या पोचेला लहान (स्मॉल) इंग्रजी अक्षरांतील पॅन आणि त्यापुढे जन्मतारीख. मेलमध्ये फार तर तो कसा बनतो याचा नियम दिलेला असतो. प्रत्यक्ष पासवर्ड मेलमध्येच लिहून देणे ही बँकांची वा प्राप्तिकर विभागाची रीत नाही.

प्राप्तिकर विभागाच्या नावाने येणाऱ्या मेलबद्दल माझे अशील सर्वाधिक घाबरतात, आणि घाबरलेला माणूस अटॅचमेंट आधी उघडतो व मग आम्हाला फोन करतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या नोटिशीवर व आदेशावर डीआयएन, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक, असणे आवश्यक करण्यात आले आहे. ई-फायलिंग संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर विभागाने काढलेली नोटीस खरी आहे की नाही हे तपासण्याची सोय असून, तिच्यासाठी लॉगिनचीही गरज पडत नाही. याहून सोपा मार्ग म्हणजे मेल तसाच ठेवून, संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करावे. नोटीस खरी असेल तर ती तुमच्या खात्यात दिसतेच. मेलमधील दुव्यावरून तिथे जाण्याची आवश्यकता कधीच नसते. जीएसटीच्या नोटिशींनाही हेच लागू आहे.

एक्सेल आणि वर्ड फाइलींविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून सांगते. इंटरनेटवरून आलेली फाइल उघडल्यावर वरच्या बाजूस पिवळी पट्टी येते आणि 'एनेबल एडिटिंग' असे बटण दिसते. हिशेब नुसता वाचायचा असेल तर ते बटण दाबूच नये, तसाच वाचता येतो. फाइलमध्ये मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या आज्ञावली, असतील तर 'एनेबल कंटेंट' असे दुसरे बटण येत असे, आणि अनेक वर्षे घोळ झाला तो याच बटणामुळे. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींतील मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली असून, नव्या आवृत्त्यांत आता लाल पट्टी दिसते. त्यामुळे भामट्यांनी भाषा बदलली आहे. 'फाइल उघडत नसल्यास तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक या चौकटीत खूण करा' अशी विनयशील सूचना मेलमध्ये असली, तर तो मेल फसवा आहे हे समजण्यास आणखी पुरावा लागत नाही. एखाद्या फाइलचे संरक्षण काढण्याची रीत पाठवणाराच शिकवत असेल, तर ती फाइल नकोच.

एचटीएमएल ही अटॅचमेंटही निरुपद्रवी वाटते. ती ब्राउझरमध्ये उघडते, बँकेचे किंवा मेलसेवेचे हुबेहूब लॉगिन पान दाखवते आणि भरलेला पासवर्ड परक्या ठिकाणी पाठवते. तिच्यात बहुधा विषाणू नसतो, म्हणून अँटिव्हायरसला ती कित्येकदा सापडत नाही.

प्रयोगशाळा_साहाय्यक

महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेची देखभाल करण्याचा अनुभव असल्याने, पूर्वभागकर यांच्या तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे व्यवस्था कशी लावावी या प्रश्नाला, उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. माझा कल स्पष्टच सांगतो: अँटिव्हायरस कोणता घ्यावा यावर लोक जितका वेळ घालवतात, त्याच्या निम्म्यानेही अद्ययावतीकरण आणि वापरकर्त्यांची खाती यांवर घालवत नाहीत, आणि खरा फरक तिथेच पडतो.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अद्यतनांची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली असून, सेटिंग्जमधील 'विंडोज अपडेट' या पानावरून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने तिच्यात नाव नोंदवावे लागते. हा तात्पुरता टेकू आहे. संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि विंडोज ११ च्या यादीतील प्रोसेसर असेल तर विंडोज ११ घ्यावे. नसेल तर टॅली आणि बँकेचे काम तरी त्या जुन्या यंत्रावरून हलवावे. केवळ अद्यतन न घेतल्याने काय होते हे १२ मे २०१७ रोजी जगाने पाहिले आहे. त्या दिवशी पसरलेल्या 'वॉनाक्राय' या विषाणूला कोणाच्या क्लिकची गरज नव्हती; विंडोजमधील एका त्रुटीतून तो एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप जात होता, फाइली कुलूपबंद करत होता आणि ३०० डॉलरची खंडणी मागत होता. त्या त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने, म्हणजे मार्चमध्येच, दिलेली होती. ज्यांनी 'रिमाइंड मी लेटर' दाबून ठेवले होते, ते सापडले.

दुसरी बाब खात्यांची. बहुतेक घरांत एकच खाते असते आणि ते ॲडमिनिस्ट्रेटरचे असते. म्हणजे कोणीही चुकून चालवलेल्या प्रोग्रामला संपूर्ण यंत्रावर हुकूमत मिळण्याचा मार्ग एका 'येस'वर येऊन ठेपतो. सेटिंग्जमध्ये नवे ॲडमिनिस्ट्रेटर खाते तयार करून त्याचा पासवर्ड घरातील एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवावा, आणि आपल्यासह सर्वांची रोजची खाती 'स्टँडर्ड', म्हणजे मर्यादित अधिकारांची, करावीत. पुतणीला वेगळे खाते दिल्याने तिच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे होत नाही. उलट, तिच्या प्रकल्पाच्या फाइली आणि तुमची बिले एकमेकांपासून वेगळी राहतात. अर्थात यानेही सारे थांबत नाही, कारण त्या-त्या खात्यातील फाइली आणि ब्राउझरचे पासवर्ड त्याच खात्यात चाललेल्या विषाणूला तरीही मिळतात. म्हणून बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नये.

आता अँटिव्हायरस. विंडोज ८ पासून डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस विंडोजचाच भाग आहे. मुदत संपलेला दुसरा अँटिव्हायरस बसवलेला असेल तर डिफेंडर कधीकधी नीट पुढे येत नाही, आणि नव्या विषाणूंची ओळख बंद झाल्यामुळे तो मुदत संपलेला अँटिव्हायरसही जवळपास निरुपयोगी ठरतो. तुमच्याकडील लाल चौकटीची स्थिती नेमकी ही असावी. एकतर नूतनीकरण करा किंवा तो पूर्णपणे काढून टाका. काढल्यावर 'विंडोज सिक्युरिटी' उघडून हिरवी खूण आली आहे का ते पाहा. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवून दुप्पट संरक्षण मिळत नाही, दोघे एकमेकांच्या पायात येतात.

या सर्वांवर पाणी फिरवणारी एक गोष्ट आपल्याकडे सर्रास चालते, ती म्हणजे 'क्रॅक' केलेले सॉफ्टवेअर. डिझाइनचा प्रोग्राम फुकट मिळावा म्हणून अँटिव्हायरस काही वेळ बंद ठेवा अशी सूचना ज्या फाइलीबरोबर येते, ती फाइल आपण स्वतःच्या हाताने, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड देऊन चालवत असतो. मग ई-मेल तपासण्याला काय अर्थ उरतो?

नवीपेठ_दुरुस्ती

साहाय्यक सरांच्या मताशी बहुतांशी सहमत आहे. मी अँटिव्हायरस विकतो, तरीही सांगतो की अद्ययावत विंडोज आणि डिफेंडर एवढ्यावर सावध माणसाचे भागते. सशुल्क अँटिव्हायरस निरर्थक आहे असे मात्र मी म्हणणार नाही. पुण्याच्या क्विक हीलसारख्या भारतीय कंपन्यांची उत्पादने आपल्या भागात मोठ्या प्रमाणात वापरली जातात, पेन ड्राइव्ह लावताच तपासण्याची त्यांची सोय चांगली आहे, आणि अडचण आल्यावर फोनवर विचारता येते याचे मोल घरातील वडीलधाऱ्यांना अधिक असते.

पेन ड्राइव्हचा विषय निघालाच आहे तर तो पुढे नेतो, कारण विद्यार्थी असलेल्या घरात ई-मेलच्या बरोबरीने धोका तिथून येतो. प्रकल्पाची प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात जातो, तिथल्या संगणकाला दिवसभरात शंभर जणांचे पेन ड्राइव्ह लागलेले असतात, आणि घरी आल्यावर सर्व फोल्डरच्या जागी बाण असलेली शॉर्टकट चिन्हे दिसू लागतात. मूळ फाइली बहुधा गेलेल्या नसतात, विषाणूने त्या लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक केले की फोल्डरही उघडतो आणि मागे विषाणूही चालतो, त्यामुळे वापरणाऱ्याला संशय येत नाही. अशा वेळी क्लिक न करता आधी संपूर्ण पेन ड्राइव्ह तपासून घ्यावा, आणि मग 'व्ह्यू'मध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याची खूण करावी. तरीही न दिसल्यास त्यांच्यावरील लपवणुकीचे गुणधर्म आज्ञेने काढता येतात, ते कोणाही दुरुस्तीवाल्याला येते. प्रिंटसाठी मूळ फाइल देण्याऐवजी पीडीएफ करून दुकानाच्या मेलवर पाठवली, तर पेन ड्राइव्ह घराबाहेर जाण्याचे कारणच उरत नाही.

यापेक्षाही महत्त्वाचा विषय बॅकअपचा आहे. टॅलीचा बॅकअप घेतो असे अनेक जण सांगतात, आणि पाहिले तर तो त्याच संगणकाच्या 'डी' ड्राइव्हवर असतो. खंडणीखोर विषाणूला सी आणि डी यांत फरक वाटत नाही. जोडून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्कही तो सोडत नाही. म्हणून डिस्क जोडावी, बॅकअप घ्यावा आणि लगेच काढून कपाटात ठेवावी. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर, असा जो नियम सांगितला जातो, तो तुमच्यासारख्यांना सहज पाळता येईल, कारण घर आणि कारखाना अशा दोन जागा तुमच्याकडे आहेतच. महिन्यातून एकदा त्या बॅकअपमधून एखादी जुनी टॅली कंपनी परत उघडून पाहावी. परत न उघडता येणारा बॅकअप मी पुष्कळ पाहिला आहे.

डिफेंडरमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' अशी एक सोय आहे. ती मूळ मांडणीत बंद असते. सुरू केल्यास अनोळखी प्रोग्राम ठरावीक फोल्डरमधील फाइली बदलू शकत नाहीत. सुरुवातीला ती टॅलीलाही अडवण्याची शक्यता असते; तेव्हा तिथेच टॅलीला परवानगी द्यावी, सोय बंद करून टाकू नये.

होटगीरोड

उपयुक्त चर्चा चालली आहे. आमच्या परिचितांकडे अशीच फाइल चालवली गेली असल्याचा दाट संशय आहे. दोनदा क्लिक केल्यावर काहीच उघडले नाही, म्हणून त्यांनी पुन्हा क्लिक केले आणि मग सोडून दिले. संगणक व्यवस्थित चालतो आहे. त्यांनी काय करावे?

प्रयोगशाळा_साहाय्यक

'काहीच उघडले नाही' हेच लक्षण चिंतेचे आहे. पीडीएफ असती तर निदान काही त्रुटी असल्याचा संदेश तरी आला असता.

त्यांना आधी नेटची तार काढायला किंवा वायफाय बंद करायला सांगा. त्यानंतर दुसऱ्या, स्वच्छ असल्याची खात्री असलेल्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून पासवर्ड बदलावेत. त्याच संगणकावरून बदलले तर नवे पासवर्डही चोराच्या हाती जातील. क्रम असा ठेवावा की आधी ई-मेल, मग बँक, मग बाकीचे, कारण ई-मेल ज्याच्या हाती असतो त्याला उरलेली खाती 'फरगॉट पासवर्ड'च्या मार्गाने मिळवता येतात. ई-मेलमध्ये सर्व उपकरणांवरून बाहेर पडण्याची आज्ञा द्यावी आणि द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा) सुरू करावी. चोरलेल्या सत्राच्या, म्हणजे आधीच झालेल्या लॉगिनच्या, बळावर पासवर्डाविनाही आत शिरता येते, म्हणून सर्व उपकरणांवरून बाहेर पडणे वगळू नये.

संगणकासाठी 'विंडोज सिक्युरिटी'मधील 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवावा. तो विंडोज सुरू होण्यापूर्वी तपासतो, साधारण पंधरा मिनिटे घेतो, आणि चालू अवस्थेत लपून बसणारे काही प्रकार त्याला सापडतात. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही मोफत साधने उपलब्ध आहेत. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, तिथे संशय उरला तर माझ्या मते फाइलींची प्रत घेऊन विंडोज नव्याने बसवणेच शहाणपणाचे. मात्र प्रत घेताना कागदपत्रे तेवढी घ्यावीत, प्रोग्राम घेऊ नयेत.

फाइली कुलूपबंद झाल्या असतील तर खंडणी भरण्याआधी 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर पाहावे. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या या उपक्रमात काही जातींच्या विषाणूंची कुलपे उघडणारी साधने विनामूल्य मिळतात. सर्वच जातींची मिळत नाहीत. बँक खात्यातून पैसे गेले असतील तर बाकी सगळे सोडून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करावा; तक्रार जितकी लवकर, तितकी ती रक्कम पुढील खात्यात गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

पूर्वभागकर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. फाइल आणि मेल काढून टाकले आहेत. मुदत संपलेला अँटिव्हायरस काढला, डिफेंडरची हिरवी खूण आली आणि त्याने केलेल्या पूर्ण तपासणीत काही सापडले नाही. पुतणीचे खाते वेगळे करून दिले. संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नसल्याने सध्या वाढीव अद्यतनांसाठी नाव नोंदवले असून, नव्या यंत्राचा विचार दिवाळीपर्यंत करू.

एक शेवटची पृच्छा. अशा फाइली व्हायरसटोटल या संकेतस्थळावर चढवून तपासता येतात असे पुतणी म्हणते. ते करावे का? आणि दलालांनी पासवर्ड बदलला आहे, एवढ्याने त्यांचे खाते सुरक्षित झाले असे समजावे का?

प्रयोगशाळा_साहाय्यक

व्हायरसटोटल ही गूगलच्या मालकीची विश्वासार्ह सेवा आहे आणि तिथे एकच फाइल अनेक अँटिव्हायरसकडून तपासून मिळते. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तिथे चढवलेली फाइल सुरक्षा क्षेत्रातील इतर सदस्यांना पाहता येते, म्हणून खरी बिले, बँकेचे उतारे किंवा विवरणपत्रे तिथे चढवू नयेत. तसेच, आज तयार झालेला विषाणू आज कोणालाच ओळखू येत नसेल, तर निकाल कोरा येतो. कोऱ्या निकालावर विसंबून फाइल चालवू नये.

दलालांच्या बाबतीत केवळ पासवर्ड बदलणे पुरेसे नाही. खात्यात खरोखर कोणी शिरले असेल, तर तो माणूस बहुधा जाण्यापूर्वी एखादी चोरवाट ठेवून जातो. त्यांना जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'फिल्टर्स' आणि 'फॉरवर्डिंग' ही दोन पाने उघडून पाहायला सांगा. 'पेमेंट' किंवा 'इनव्हॉइस' हे शब्द असलेले मेल परस्पर अनोळखी पत्त्यावर पाठवावेत, किंवा येताच कचऱ्यात टाकावेत, असा एखादा नियम तिथे आढळला तर तो काढून टाकावा. खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि पर्यायी पत्ता त्यांचाच आहे ना, हेही पाहावे.

त्यांच्या मेलमधील जुनी बिले त्या माणसाने वाचली असतील असे गृहीत धरून तुम्हीही चाला. पुढचा मेल अटॅचमेंटशिवाय, तुमच्या खऱ्या बिलाचा क्रमांक आणि रक्कम देऊन, 'आमचे बँक खाते बदलले आहे, या वेळची रक्कम नव्या खात्यावर पाठवावी' असा येण्याची दाट शक्यता असते. तो तपासायला कोणताही अँटिव्हायरस उपयोगी पडणार नाही. खाते क्रमांक बदलल्याची सूचना आली तर दलालांचा जो क्रमांक तुमच्या मोबाइलमध्ये आधीपासून आहे त्याच्यावर फोन करून, त्यांच्या तोंडून नवा क्रमांक ऐकल्याशिवाय रक्कम पाठवू नका. मेलमध्ये दिलेल्या फोन क्रमांकावर तर चौकशी करूच नका. चाटी गल्लीतील ज्या दोघांनी त्यांना फोन केला होता, त्यांच्या कानावरही हे आजच घालायला दलालांना सांगा.